कॉम्प्युटरच्या पोटात पडदा

लालबाग, मुंबई
नागपंचमीचा आदला दिवस, सन २००९

वाइंडिंग खात्यात माझ्या शेजारच्या मशीनवर सोळा वर्षं उभी राहिलेली, संपात गावी गेली ती तिथलीच होऊन बसलेली माझी मैत्रीण गंगुबाई हिला मीराबाईचा गळ्यात गळा घालून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिथल्या तिथे आहेत, फक्त जिना चढताना माझ्या आधी तेच कुरकुरतात. रामदासला साखर निघाली, पण ती चहातून जायला तयार नाही. (हे लिहिताना कौसल्या हसली. नवऱ्याच्या साखरेला हसणारी सून मला चालते.) तुझी म्हैस व्याली का, पोफळीला सुपारी किती लागली, आणि तुझी धाकटी जाऊ बोलायला लागली का, हे तिन्ही कळव. फोनवर विचारलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, दोघींच्या मध्ये फोनवाल्याचं फावतं. पत्र बरं. तू चौथी पास, तुला वाचायला माणूस लागत नाही. माझं तसं नाही गो. मला गुपितसुद्धा दुसऱ्याच्या बोटांनी पाठवावं लागतं. हे पत्र सांगते मी, लिहिते कौसल्या. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण मी एखादा शब्द जरा तिखट बोलले की मोती मध्येच अडतात.

आता बातमी ऐक आणि खाली बस. आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात पडदा लावला. खरोखरीचा नव्हे, पण कामाला तसाच. पहिल्या दिवसापासून मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून तुला पहिल्यापासून सांगते, आणि अर्ध्यात कंटाळलीस तर म्हशीला पाणी दाखवून ये, मी थांबते.

कॉम्प्युटर कौसल्याचा. गिरगावातला एक छापखाना तिला काम देतो, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, बारशाची आमंत्रणं. ती ते घरी बसून टाइप करते आणि नेऊन देते. आमच्या ह्यांची लोखंडी ट्रंक आठवते तुला? तिच्यावर ती पेटी मांडली आहे. (आमचे हे असते तर ट्रंकेवर पेटी ठेवू दिली नसती, आणि दुसऱ्या दिवसापासून पेटीसमोरून उठले नसते.) तर आषाढात त्या पेटीला काहीतरी झालं. चालता चालता निळी पडायची. अख्खी काच निळी, वर पांढरी अक्षरं, आणि मग बंद. पुन्हा चालू करावी तर दहा मिनिटं घुमणार, पुन्हा निळी. आपल्या खात्यातल्या त्या मुकादमिणीच्या अंगात यायचं ना, साधारण तसंच, फक्त हिला लिंबू उतरवून गुण येईना. मी उतरवून बघितलं. कौसल्या म्हणते हे लिहायचं काही कारण नाही. कारण आहे, लिही.

मग रामदासने तुळशीदासला आणला. हा माहीमचा कोळी. बाप, चुलते, भाऊ, सगळे होडीवर. हा एकटा होडीत बसला की उलट्या करतो, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माणूस चांगला, हात स्वच्छ, बोलणं मात्र वाऱ्यावरचं. आल्या आल्या त्याने कौसल्याला विचारलं, तुमचं काम कुठे ठेवता? ती म्हणाली, ह्यातच. ह्यात म्हणजे सगळं सी मध्ये? ती म्हणाली हो. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, म्हणजे एकाच खोलीत चूल, मोरी आणि दागिने?" मी म्हटलं, "मग? आम्ही तसेच राहतो." तेव्हा त्याने खोलीभर नजर फिरवली आणि जरा वरमला.

मग त्याने मला समजावलं, आणि गंगू, मला ते एका दमात समजलं ह्याचंच मला इतकं कौतुक वाटतंय की त्यासाठीच हे पत्र काढलं. पेटीच्या आत एक तबकडी असते. त्यात दोन जातींच्या वस्तू राहतात. एक पेटीची स्वतःची अक्कल, जिच्यावर ती चालते. दुसरं आपलं काम, पत्रिका, अहवाल, फोटो. बिघडते ती नेहमी अक्कल. मग तिला पुसून नवी घालावी लागते, आणि पुसताना आपलं कामही तिच्याबरोबर धुऊन जातं, कारण सगळं एकत्र नांदत असतं. म्हणून मध्ये पडदा लावायचा. अलीकडे सी, तिथे अक्कल. पलीकडे डी, तिथे काम. सी कितीही वेळा धुतला तरी डी ला थेंब लागत नाही. होडीच्या पोटात बर्फाचे खण असतात तसं, तुळशीदास म्हणाला, एका खणातली मासळी खराब झाली तर तेवढाच खण उपसायचा. मी म्हटलं, होडीचं तू मला सांगू नकोस, तुला ती लागते. संपाचं मी तुला सांगते.

तुला आठवतंच सगळं, पण तुळशीदासला सांगितलं ते तुलाही सांगते, कारण सांगताना मला मजा आली. संपाआधी आमच्या खोलीत अकरा माणसं मावायची, कारण अकरा जण एकदम घरात कधी नसायचेच. पहिल्या पाळीचे उठले की तिसऱ्या पाळीचे त्याच वळकटीवर. गिरणी बंद झाली तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात पुरुष किती आहेत. सगळे एकाच वेळी, बसलेले, आणि तापलेले. आमचे हे तर काय, भांडं दिसलं की आपटायचे. मग मी गिरणीचाच मांजरपाट आणला, दोरी बांधली आणि खोलीचे दोन भाग केले. अलीकडे पुरुष, बिड्या, युनियनच्या गप्पा आणि आपटाआपटी. पलीकडे पीठ, देव, पोरं आणि माझा कागदांचा डबा. अलीकडे कितीही धुमश्चक्री झाली तरी पलीकडचं पीठ सांडलं नाही. लोक म्हणाले मीराबाईने घर तोडलं. मी घर तोडलं नव्हतं, वाचवलं होतं. हे ऐकून तुळशीदास म्हणाला, मावशी, तुम्ही पार्टिशन माझ्या जन्माआधीच केलंय. ह्याला म्हणतात माणसाची पारख. (इथे मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मी गप्प झाले. कौसल्या विचारते, काय झालं? काही नाही. पुढे लिही.)

पडदा लावायच्या दिवशी मी पेटीला हळदकुंकू वाहिलं. स्क्रीनवर एक लांब निळी पट्टी आली, ती म्हणजे सगळी तबकडी, आणि मध्ये एक रेघ. ती रेघ धरून सरकवायची, इतकं सी ला, इतकं डी ला. मी म्हटलं सी ला थोडंच दे, नुसती खाते आणि निळी पडते. तो म्हणाला, फार चेपली तर गुदमरेल, तिला पसरायला जागा लागते. शेवटी घासाघीस करून रेघ तिसऱ्या हिश्शावर आली. मी म्हटलं अजून जरा इकडे. तो म्हणाला, मावशी, ही रेघ आहे, भाजीवाली नाही. रेघ सरकवण्याआधी त्याने कौसल्याला बजावलं की कामाची एक नक्कल सीडीवर काढून घरात दुसरीकडे ठेवा, कापाकापीत घोळ होऊ शकतो. आणि आणखी एक बोलला की पडदा म्हणजे दुसरं घर नव्हे, पेटीच जळली तर पडद्याच्या दोन्ही बाजू जळतात. कोरी सीडी घरात एकच निघाली. तिच्यात मंडळाचा अहवाल मावला आणि ती भरली. माझे कागद उरले. मीच म्हटलं, माझं राहू दे, गणपतीचं आधी. तीन तास ती पट्टी मुंगीसारखी सरकत होती. मी जागची हलले नाही. तुळशीदासने चार बांगडे खाल्ले आणि तिरफळं कमी पडली म्हणाला.

आता माझे कागद म्हणजे काय ते सांगते, कारण खरी हकिगत तिथेच आहे. गिरणी कामगारांना घर मिळायचं आहे म्हणतात, त्याचा फॉर्म भरायचा आहे. सरकारला पटवायचं की मी गिरणीत होते. माझ्या कानातली घरघर त्यांना चालत नाही, कागदच लागतो. गिरणी पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली. रामदास तिच्याच दारावर वर्दी घालून उभा असतो, म्हणजे माझा मुलगा रोज माझ्या खात्यावर पहारा देतो आणि आईला तिथलं सिद्ध करावं लागतं. माझा पास, हजेरीचा कागद, जे काही डब्यात होतं ते पोटमाळ्यावर वाळवीने धरलं. उरलेलं कौसल्याने हलक्या हाताने उचलून छापखान्यात नेलं आणि त्यांचे फोटो काढून पेटीत घातले. तिने नेलं म्हणून वाचलं, कारण परत येईपर्यंत मूळ कागदाचा भुगा झाला होता. पेटीतल्या त्या पिवळ्या पाकिटावर तिने माझा फोटो लावून दिला, मला अक्षर कळत नाही पण माझं तोंड कळतं म्हणून. पडदा लागल्यावर ते पाकीट डी मध्ये गेलं. मी रोज एकदा उघडून बघायची. माऊस मला पहिल्याच दिवशी जमला. तुटलेल्या धाग्याला चालत्या मशीनवर गाठ मारणाऱ्या हाताला त्यात काय अवघड आहे?

एवढं करून मागच्या आठवड्यात सी पुन्हा निळी पडली. तुळशीदास शनिवारी येऊन बघून गेला. म्हणाला, जुनी कीड आहे, सोमवारी येतो आणि सी धुऊन काढतो, गणपतीआधी खोलीला चुना काढतात तसा. सोमवारी आला. विचारलं, सगळं आत आहे ना? कौसल्या म्हणाली, सगळं डी मध्ये. त्याने सी धुतली, नवी अक्कल घातली, आणि गंगू, पेटी अशी चालू झाली की मी टाळी वाजवली. चटकन. नवरीसारखी. मग कौसल्याने डी उघडला. अहवाल होता. पत्रिका होत्या. माझं तोंड नव्हतं.

सगळे खण शोधले. तुळशीदास शपथ घेऊन म्हणाला, मी डी ला हात लावलेला नाही. त्याने हरवलेलं हुडकायचं एक यंत्र लावलं. त्याला पाकिटाचं नाव सापडलं, पोट रिकामं. मधल्या रविवारी कौसल्याने अहवालातल्या जाहिराती डी मध्ये ठेवल्या होत्या, त्या नेमक्या त्याच जागेवर जाऊन बसल्या. माझ्या पासच्या जागी एक चिवडेवाला. मी तुळशीदासला जे बोलायचं ते बोलले. म्हटलं, होडी लागते तशी तुला पेटीही लागते. तो बिचारा न खाता गेला. (कौसल्या लिहिता लिहिता माझ्याकडे बघते आहे. चूक त्याचीच होती गं, दुसऱ्या कुणाची असणार? लिही.) रामदास कामावरून आला आणि कौसल्यावर चढला. ती एवढंच म्हणाली, माझंच लक्ष नव्हतं, चुकलं. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही, आणि मी मध्ये माळ ओढत बसले.

तर असं आहे. फॉर्मची मुदत पुढच्या महिन्याअखेरीपर्यंत आहे. कागदाशिवाय भरायचा तर मीराबाई नावाची बाई गिरणीत होती हे फक्त तुला आणि मला ठाऊक. पण तू काळजी करू नकोस, मी बेत सोडलेला नाही. पेटी आता घोड्यासारखी पळते, आणि तुळशीदासने रागावूनसुद्धा माझ्यासाठी तिसरा खण केला आहे, ई नावाचा. त्यात सध्या माझा एक फोटो आहे आणि भरपूर जागा. ह्या वयात मला एवढी मोकळी जागा पहिल्यांदाच मिळाली.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडते. आता तुझ्यापेक्षा मोठं कुणी उरलं नसेल तर तूच पाय पुढे कर. लहानांच्या पाठीवरून हात. म्हशीलाही विचारलं म्हणून सांग.

तुझी,
मीराबाई
(निशाणी अंगठा)

ता. क. येणाऱ्या कुणाबरोबर कुळथाचं पीठ आणि आमसुलं पाठव. तिरफळं विसरू नकोस, आता त्या तुळशीदासला एकदा नीट जेवायला घालावं लागणार आहे.

दुसरा ता. क. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. हे शेजारच्या खोलीतली शैला लिहिते आहे. कौसल्या काम द्यायला गिरगावात गेली आहे. शैलाला मी देवाची शपथ घातली आहे की लिहायचं आणि विसरायचं. गंगू, तुळशीदासने काही केलं नाही. मी केलं. त्या शनिवारी तो धुणार म्हणाला आणि गेला, कौसल्या छापखान्यात. मी विचार केला, गणपतीआधी खोलीला चुना काढतो तेव्हा आपण मोलाच्या वस्तू आत ठेवतो का? देव आणि डबा आधी गॅलरीत आणतो आणि मी त्यांच्याशेजारी पाट मांडून बसते. मग माझे कागद आत कशाला? मी ते पाकीट धरून बाहेर ओढलं, पेटी चालू केल्यावर समोर जे पहिलं दिसतं ना, तिथे आणून ठेवलं, आपल्या गॅलरीत. मला काय माहीत की ती गॅलरी सी च्या मालकीची आहे. ते आलं, पण आतही तसंच एक राहिलं. मला वाटलं माझ्या ओढण्याने त्याची सावली मागे पडली. एकाच बाईची दोन तोंडं घरात कशाला, म्हणून आतलं मी टोपलीत टाकलं. आणि दिवेलागणीची वेळ झाली होती. दिवा लागल्यावर केर बाहेर काढायचा नसतो, म्हणून त्याआधीच टोपली रिकामी केली. लक्ष्मी जाऊ नये म्हणून केलं गो, आणि घरच गेलं.

रामदास तिला बोलत होता तेव्हा माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. ती आपल्यावर घेते आहे हे बघून गिळला, हे त्याहून वाईट.

आता खरं काम. वर पडद्याचं सांगताना मी थांबले ना, तेव्हा आठवलं. संपात आमचे हे गिरणीचं सगळं नाल्यात फेकायला निघाले होते, तेव्हा मी कागदांचे दोन भाग केले होते. अर्धे डब्यात ठेवले आणि अर्धे तू गावी निघालीस तेव्हा तुझ्या ट्रंकेत दिले, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वर लाल दोरा. हजेरीचं कार्ड आणि बिल्ला त्यात असावा. बघ आहे का. असला तर ताबडतोब पाठव आणि सोबत लिही की साफसफाई करताना तुला तो आपोआप सापडला आणि तुला माझी आठवण आली. मी मागितला असं लिहू नकोस. नसला तर काहीच लिहू नकोस, फक्त आमसुलं पाठव, मी समजेन. कौसल्याला आधी सांगितलेलं नाही, कारण नसला तर ती दुसऱ्यांदा रडेल.

तिसरा ता. क. गंगुमावशी, मी कौसल्या. नमस्कार. हे मी आईंना न विचारता लिहिते आहे. पाकीट त्यांनी भाताच्या शितांनी चिकटवलं आणि पत्ता घालून टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं. शितं सुकली आणि ते माझ्या हातात उघडलं. वाचू नये हे मला कळतं. वाचलं.

मला त्या सोमवारीच कळलं होतं. आई माऊसचं बटण बोटाने दाबत नाहीत, अंगठ्याने दाबतात. शनिवारी छापखान्यात जाण्याआधी मी माऊस पुसला होता. सोमवारी बटणावर मशेरीचा अंगठा होता, आणि आमच्या घरात मशेरी लावणारं माणूस एकच. ह्यांना सांगितलं असतं तर हे आईंना एकच शब्द बोलले असते, आणि मग त्यांनी माऊसला पुन्हा हात लावला नसता. माझ्यावर हे दोन दिवस रागावतात आणि तिसऱ्या दिवशी चहात जास्त साखर मागतात. तुळशीदासना मी दुसऱ्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मावशींसाठी शिव्या खाल्ल्या तर काय झालं, ई नावाचा खण मीच करून देतो.

मावशी, डबा असेल तर मूळ कागद पाठवू नका. झेरॉक्स काढून पाठवा. मूळ तुमच्याच ट्रंकेत राहू दे, फॉर्मच्या वेळी मी स्वतः येऊन दाखवायला घेऊन जाईन आणि परत आणून ठेवीन. पडदा म्हणजे दुसरं घर नव्हे हे तुळशीदासनी आत्ता सांगितलं, पण दुसऱ्या घरात ठेवायचं हे आईंनी सत्तावीस वर्षांपूर्वीच केलं होतं.

पत्रात लिहा मात्र त्यांनी सांगितलं तसंच, की साफसफाईत आपोआप सापडला. मी तुमचं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन आणि जेवढं आश्चर्य वाटायला हवं तेवढं मला वाटेल. वर त्यांची निशाणी आहे ना, तिच्याकडे जरा बघून ठेवा. तसलाच एक अंगठा माऊसवर आहे. त्यांच्या पासवरही तोच होता. पासवरचा गेला, म्हणून हा मी अजून पुसलेला नाही.